मास्तरांचं लायटिंग

"पालीक हिटर? अहो, तुमच्या डोक्यात मेंदू आसा काय सुक्या बांगड्याचा किसमूर?"

"पाल म्हणू नको, वत्सला! जावयाची आसा ती!"

"मगे काय पालसायब म्हणू? हयसर माणसांक फॅनाखाली घाम फुटता, आणि ह्येंका पाल थंडीन मरतली म्हणान काळजी!"

आमच्या गोव्यातल्या हरमलात सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंपू वाजायच्या आधी जयरामच्या घरचं भांडण वाजतं. त्यामुळे वाड्यावर कुणी मान वर केली नाही. (जयराम मला काका लागतो. तोंडावर काकाच म्हणतो. पण गोष्टीत मान देत बसलो तर गोष्ट संपायची नाही.) भांडणाचं कारण मात्र या वेळी नवीन होतं. ते कारण खिडकीजवळच्या मेजावर काचेच्या पेटीत चार पाय पसरून बसलं होतं. हातभर लांब, अंगावर काटे, गळ्याखाली काटेरी दाढी, आणि डोळे असे, की तुम्ही गृहपाठ केलेला नाही हे त्याला आधीच ठाऊक आहे! खरं म्हणजे परदेशी जातीचा सरडा. पण वत्सलाकाकीच्या हिशेबी चार पाय, एक शेपटी आणि आमटीत घालता येत नाही ते सगळं पाल.

ही पाल दीपकची. दीपक म्हणजे जयरामच्या मुलीचा, गौरवीचा, होणारा नवरा. राहणार कारापूर, डिचोलीकडे औषधाच्या कंपनीत कामाला. कंपनीने त्याला ट्रेनिंगसाठी पुण्याला पाठवलं. साखरपुडा झालेले लोक होणाऱ्या बायकोकडे फोटो ठेवतात, रुमाल ठेवतात. ह्याने पाल ठेवली! वर म्हणाला, "गौरवी, हा माझा जीव आहे. ह्याला सांभाळलंस म्हणजे मला सांभाळलंस." असल्या वाक्यावर कुठलीही शहाणी मुलगी दाराला कडी घालेल. गौरवी विरघळली! आणि घरात जाहीर केलं, "बाबा, ह्येका काय झाला तर मी दीपकाक तोंड दाखवची नाय. लगीन-बिगीन विसरा!"

गौरवी बोलली म्हणजे बोलली. चिडली की ती बापाला बाप म्हणत नाही, 'ओ जयराम' म्हणते. म्हणजे आता मांडव, पत्रिका, वत्सलाकाकीचा नवा शालू, सगळं त्या पालीच्या शेपटीला बांधलेलं.

त्यात नावाची भानगड. दीपकने पालीचं नाव ठेवलेलं मास्तर. आणि दीपकचा मामा कोण? आमच्याच वरच्या वाड्यावरचे परशुराम मास्तर! शाळेतून निवृत्त झाले, छडीतून नाही. हे स्थळही त्यांनीच जुळवलेलं, आणि दीपकची आई सोनाबाई ह्या थोरल्या भावाला विचारल्याशिवाय डाळीत मीठ घालत नाही. तुम्ही आधी ती पाल बघा, मग परशुराम मास्तरांना बघा, आणि मग गप्प बसा. मी बसतो. मला गणित तेच शिकवायचे. शाळा मी सोडली, पण डावा कान अजून उजव्यापेक्षा लांब आहे.

"नाव घराबाहेर जाऊ देऊ नका हं," दीपक जाताना कळवळून म्हणाला होता. त्या बाबतीत घर पक्कं राहिलं. भाजी आणायला गेलेली वत्सलाकाकीसुद्धा बोलली नाही, म्हणजे बघा!

खरा घोटाळा झाला तो दिव्याचा. कारापूरहून येताना रस्त्यातल्या खड्ड्यांनी पेटीतला खास दिवा फोडला. दीपक बिचारा सासऱ्याला समजावत होता, "बाबा, दोनच गोष्टी सांभाळायच्या. हीटिंग आणि लायटिंग. नवा दिवा मागवलाय. तो येईपर्यंत साधा पिवळा बल्ब, एकाच कोपऱ्यात, दगडाच्या वर. एक बाजू गरम पाहिजे, दुसरी थंड. म्हणजे त्याला हवं तिथे तो सरकतो. आणि युव्ही लागतं, त्यासाठी रोज सकाळचं कोवळं ऊन—"

इथे जयरामने हात वर करून त्याला थांबवलं. त्याच्या कानाने एवढ्या सगळ्यातून एकच शब्द उचलला होता. लायटिंग!

जयरामचा धंदाच लायटिंगचा. जत्रा, लग्न, गणपतीची चवथ, दशावतारी नाटक, कुठेही जा, दिव्यांच्या माळा जयरामच्या. त्याच्या घरात माणसांपेक्षा वायरी जास्त.

"जावयबापू," जयराम मिशीवरून बोट फिरवत म्हणाला, "पेडण्यापासून डिचोलीपर्यंत देवळांच्या कळसांक उजेड कोणी दिलो? जयरामान! आणि ह्या हातभर जनावराक माका बल्ब सांगतंस? सूर्याचा काय घेवन बसलंस? तो सांजेक जाता. माझो जनरेटर जाणा नाय! तू निवांत जा. अशी लायटिंग करतंय, की तुझो मास्तर परत कारापूराक जावचो नाय म्हणतलो!"

दीपक गेला. जाताना तीनदा मागे वळून बघितलं. गौरवीला वाटलं तिच्याकडे.

त्याच दुपारी जयराम कामाला लागला. पेटीच्या चारी कडांना रंगीत एलईडी माळ, ती पण पळती! लाल, हिरवी, निळी, पिवळी, मग सगळ्या एकदम, मग अंधार, मग फट्कन पांढरी. मागे प्लास्टिकच्या झेंडूची कमान. वरती थर्माकोलची अक्षरं, 'शुभविवाह'. म्हणे घरात पडून होती.

पालीने एकदा डावीकडे बघितलं. एकदा उजवीकडे. मग ती दाढी फुगवून कुळकुळीत काळी झाली आणि भाकरीसारखी जमिनीला चिकटली.

"बघ, बघ!" जयराम आनंदाने ओरडला. "लायटिंगाबरोबर रंग बदलता! जत्रेत ह्येका मखरात बसवूक व्हयो!"

"तो भियेलो," वत्सलाकाकी म्हणाली.

"भियेलो नाय. रंगलो!"

संध्याकाळी गौरवी पेडण्याच्या औषधांच्या दुकानातून कामावरून आली. तिने पेटीत हात घातला आणि किंचाळली, "बाबा! ह्यो फ्रिजातल्या बांगड्यासारखो थंड पडलोसा!"

"कसो पडतलो? इतको उजेड आसा!"

"उजेड आसा, ऊब खंय आसा? एलईडी तापता काय?"

"तापणा नाय! तीच तर एलईडीची मजा! गिऱ्हाईकाक मी तेंच सांगतंय!"

"गिऱ्हाईक पाल न्हय, ओ जयराम!"

झालं. 'ओ जयराम' आलं म्हणजे प्रकरण वर गेलं. गौरवीने माळ ओरबाडून काढली, टॉवेलात गरम पाण्याची बाटली गुंडाळून पेटीत ठेवली, पालीला तिच्यावर निजवलं आणि बापाला बजावलं, "उद्या ह्येका ऊब पण होयी आणि युव्ही पण. नाय तर मी दीपकाक फोन लावन सगळा सांगतंय!"

आता युव्ही म्हणजे काय? जयरामला विचारायची लाज. लायटिंगवाल्याने दिव्याबद्दल विचारायचं म्हणजे पोदेराने पाव कसा भाजतात ते विचारायचं! डोकं खाजवून खाजवून त्याला आठवलं. किनाऱ्यावर विठूच्या शॅकात, म्हणजे झोपडीवजा हॉटेलात, एक निळाजांभळा दिवा लोंबतो. विठू गिऱ्हाइकांना ऐटीत सांगतो, 'युव्ही मशीन!' जयराम सकाळी उठला, हिटरवरून वत्सलाकाकीशी ते भांडण झालं, मग शॅकात गेला आणि ते मशीन खांद्यावर टाकून घेऊन आला.

ते माश्या मारायचं मशीन होतं.

पेटीवर मशीन लागलं. दीपकने पालीसाठी डबाभर जिवंत नाकतोडे देऊन ठेवले होते. जयरामने मोठ्या प्रेमाने चार आत सोडले. पालीने जीभ काढली. तेवढ्यात पहिला नाकतोडा निळ्या उजेडाकडे बघून भारावला, उडाला, आणि फट्ट! मग दुसरा, फट्ट! पाल तोंड उघडून वर बघतेय, आणि तिचं जेवण धूर होऊन छपराकडे चाललंय!

"अरे देवा," वत्सलाकाकी कपाळाला हात लावून म्हणाली, "मास्तराच्या ताटाचा मसण केलात तुमी!"

"युव्ही झाला," जयराम ठामपणे म्हणाला. "आता रवली ऊब."

असल्या माणसाला तिथेच हात धरून बसवायला पाहिजे होतं. पण गौरवी कामावर गेलेली, आणि वत्सलाकाकीच्या चुलीवर आमटी उतू चाललेली. जयरामने माळ्यावरून हॅलोजन काढला. साधासुधा नव्हे, दशावतारी नाटकाचा! ह्या हॅलोजनपुढे उभं राहून भल्याभल्या राक्षसांचा रंग गळून खालचा नट भाऊ नाईक दिसायला लागतो. तो त्याने काचेच्या पेटीला नाक लावून ठेवला आणि बटण दाबलं.

भिंतीवरचं कॅलेंडर वळायला लागलं. प्लास्टिकच्या झेंडूच्या कमानीने मान टाकली. पेटी म्हणजे शिंपल्या-तिसऱ्या उकडायचा टोप झाला! पालीने कोपरा शोधला, दुसरा शोधला, सगळे कोपरे सारखेच पेटलेले. शेवटी ती मधोमध उभी राहिली आणि तिने जबडा वासला.

"हसता!" जयराम म्हणाला.

वत्सलाकाकी आमटी ढवळायची डावली घेऊन बाहेर आली, बघितलं आणि डावली टाकली. "हसता खंय? शेवटचो श्वास घेता तो! बंद करा! बंद करा!"

बंद करायची गरजच पडली नाही. माश्यांचं मशीन, हॅलोजन, फ्रिज आणि वरचा पंप एवढं सगळं एकदम ओढून घराचा फ्यूज फाट्कन उडाला. शांतता. करपल्याचा वास. पेटीत पाल आडवी.

आता आमच्याकडची रीत. कुणाचा जीव जायला आला तर त्याला घरात, छपराखाली ठेवू नये. वत्सलाकाकी पालीवर कितीही दात खावो, रीत ती रीत. तिने पालीला सुपात घेतलं, अंगणात तुळशीच्या पुढ्यात सूप ठेवलं, तोंडात दोन थेंब पाणी सोडलं, ओठावर तुळशीचं पान ठेवलं. डोळ्यांत पाणी! आणि मग गौरवीला फोन लावला. आमच्याकडे फोनला रेंज फक्त कुंपणाच्या दगडी गडग्याजवळ, आणि ती पण ओरडून बोललं तरच.

"गो गौरवी! मास्तर गेलो गो! काळोठिक्कर पडलो! तुझ्या बापाशीन दिव्यान भाजून मारलो गो मास्तराक!"

गडग्याच्या पलीकडे शेजारची शीतल कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला परकर तिथेच राहिला.

शीतलला एकच मास्तर माहीत. ह्या लग्नाच्या बोलण्यासाठी ते जयरामकडे येऊन-जाऊन असतात हेही माहीत. आणि जयरामच्या वायरी कशा लोंबतात हे तर सगळ्या गावाला माहीत! वाड्याच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'आपले परशुराम मास्तर जयरामच्या घरी शॉक लागून देवाघरी गेले.' खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. एकाने चुकून केक टाकला. दुसऱ्याने विचारलं, 'आजची मॅच आहे का?'

मास्तरांना फोन करून बघावं, एवढं एकालाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी उपयोग नव्हता. मास्तर मोबाइलला 'यंत्रमाकड' म्हणतात आणि तो घरी ट्रंकेत ठेवून फिरतात.

जयराम बिचारा आत फ्यूज बांधत होता. बाहेर येऊन बघतो तर अंगणात माणसंच माणसं! बायका पदर तोंडाला लावून, बाप्ये टोप्या काढून. जयरामचा ऊर भरून आला. एका पालीसाठी एवढा गाव!

विठू पुढे झाला, खांद्यावर हात ठेवला. "जयराम, झाला ता वायट झाला. लाकडां खंयसून हाडूया?"

"लाकडां?" जयराम दचकला. "लाकडां कशाक? बुटांचो एक खोको पुरे."

विठूचा हात खांद्यावरून खाली आला. "खोको?"

"परसात माडाच्या मुळात खड्डो मारतंय. झाडाक खत तरी होयत."

बायकांमधून एक हुंदका फुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "माणूस न्हय हो, राकीस!"

"वजन तरी काय तेचा?" जयराम समजुतीच्या सुरात म्हणाला. "अर्धो किलो. दोन दिवस धड खाल्ल्यान नाय. सगळो नाकतोडो जळान गेलो."

विठू मागे मागे सरकत गडग्याला टेकला.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि सोनाबाई उतरली. लग्नाच्या बोलण्यासाठी ती कारापूरहून निघालीच होती, वाटेतच ग्रुप तिच्यापर्यंत पोचला होता! ती केस सोडून, छाती पिटत आत शिरली. "माझ्या दादाक भाजलास रे! मुलगी दिवच्या आधी माझो भाव घेतलास! मोडला हा लगीन! ह्या घराचा पाणी पिवची नाय मी!"

"विहीणबाई, दादाक कोणी—"

"तोंड वर करून बोलता! खंय आसा माझो दादा?"

जयरामने सुपाकडे बोट दाखवलं. सोनाबाईने सुपात बघितलं आणि मटकन खाली बसली. तिला वाटलं, एवढंच उरलं!

नेमक्या त्याच क्षणी फाटकात स्कूटर थांबली. पेडण्याच्या बाजारातून परत येताना कुणीतरी सांगितलं, जयरामकडे कोणी गेलं म्हणून. माणूस रीतीचा पक्का. येतानाच हार घेऊन आला. धोतर सावरत, हार सांभाळत परशुराम मास्तर अंगणात आले.

"कोण गेला रे?"

शीतलच्या तोंडून आपोआप निघालं, "तुमीच!"

दोन बायका पळाल्या. विठू गडग्यावरून पलीकडे गेला. सोनाबाईने भावाचे पाय चाचपले, सरळ आहेत की उलटे ते बघितलं, आणि मग तेच पाय धरून रडायला लागली. मास्तरांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. वर्गात कुणी खिडकी फोडली की बघायचे, तसं.

"जयराम. उभा रहा. सांग."

उभाच होता, तरी जयराम आणखी उभा राहिला. "मास्तर नाय हो मेलो. म्हणजे तुमी नाय. मास्तर मेलो. ह्यो मास्तर!"

"ही पाल?"

"होय."

"हिचं नाव मास्तर?"

इथे माणसाने गप्प बसायचं असतं. वत्सलाकाकी डोळ्यांनी सांगत होती, हातांनी सांगत होती. पण जयराम घाबरला की त्याला खरं बोलायची उबळ येते. "दीपकान ठेवलान. तशी दाढी आसा ना... म्हणजे तुमका नाय दाढी, पण गळ्याकडे तसा लोंबता... आणि डोळे वटारता... आणि मान हलयता, पण आयकणा नाय कोणाचा..."

मास्तरांनी हार हळूच तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. "सोना, ऊठ. चल. ह्या लग्नात मी मामा म्हणून उभा राहणार नाही."

"तू नाय तर मी पण नाय, दादा," सोनाबाईने पदर खोचला.

एव्हाना गौरवी पोचली होती. स्कूटी तशीच आडवी टाकून ती अंगणात उभी. तोंड लालबुंद. तिला बोलायचं होतं बापाला, सासूला, मामाला, गावाला. पण डोळ्यांतून नुसतं पाणी. ते बघून जयरामने पहिल्यांदाच मान खाली घातली. एवढ्या दिव्यांचा मालक, चेहऱ्यावर अंधार!

आणि सुपात काहीतरी हललं.

झालं होतं असं, की सुपाच्या अर्ध्या भागावर तुळशीची सावली होती आणि अर्ध्या भागावर सकाळचं कोवळं ऊन. एक बाजू गरम, दुसरी थंड! आधी पाल सावलीत निवली, मग सरकत सरकत उन्हात आली. ओठावरचं तुळशीचं पान तिने खाऊन टाकलं होतं. काळी दाढी आता छान पिवळट. तिने मान वर केली, समोर उभ्या असलेल्या परशुराम मास्तरांकडे रोखून बघितलं, आणि पुढचा उजवा हात सावकाश, अगदी अदबीने, वर केला.

ह्या जातीचे सरडे भ्याले की हात वर करतात, असं दीपक मागाहून म्हणाला. पण त्या वेळी दीपक होता कुठे?

मास्तरांचा हात आपोआप कमरेवर गेला. "हां, विचार. काय अडलं?"

विचारून झाल्यावर आपण कुणाला विचारलं ते त्यांना कळलं. पण पालीने हात खाली घेतला आणि दुसरा वर केला!

"बस खाली," मास्तर हळूच म्हणाले. "सोना, बघितलंस? आख्खी हयात शिकवलं मी ह्या गावाला. इतक्या अदबीने एका गाढवाने हात वर केला नाही."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे का बघितलं, ते मला कळलं नाही.

गौरवीने डोळे पुसले, गडग्यापाशी जाऊन दीपकला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मामासमोर धरला. पलीकडून दीपक ओरडत होता, "मामा, चुकलं! लहानपणापासून तुम्हाला सगळ्यात जास्त घाबरतो, म्हणून ठेवलं! मामा, लग्न मोडू नका!"

मास्तरांनी त्या यंत्रमाकडाकडे रोखून बघितलं. सोनाबाई भावाच्या तोंडाकडे, जयराम सोनाबाईच्या तोंडाकडे, आणि आम्ही सगळे ह्या सगळ्यांच्या तोंडांकडे.

"लग्न होईल," मास्तर शेवटी म्हणाले. "मी उभा राहीन. पण एक अट. नाव आत्ताच्या आत्ता बदलायचं."

"बदललं!" फोनमधून आवाज आला. "काय ठेवू, मामा?"

मास्तरांनी अंगणभर नजर फिरवली. दारातून दिसणारा वितळलेला झेंडू, 'शुभविवाह'मधलं करपलेलं 'शु', माश्यांचं मशीन, हातात फ्यूज घेऊन उभा असलेला लायटिंगवाला. आणि म्हणाले,

"जयराम."

गौरवी आधी हसली. मग वत्सलाकाकी, पदरात तोंड खुपसून. मग गडग्यापलीकडून विठू. जयरामने तोंड उघडलं, पोरीकडे बघितलं, आणि मिटलं. जन्मात पहिल्यांदा त्याला कुठे गप्प बसायचं ते कळलं होतं.

त्या दिवसापासून पेटीला एकच साधा पिवळा बल्ब आहे, एका कोपऱ्यात, आणि रोज सकाळी सूप अंगणात येतं. लग्न पुढच्या महिन्यात. फक्त आमच्या वाड्यावर ऐकू येतं ते असं: "जयराम आज काळो पडलो गे!" "जयरामान झुरळ खाल्ल्यान काय?" "जयरामाचा ढुंगण पूस, मगे आत घे!" काका एकेकदा ओ देतो, मग आपल्यावरच चडफडतो.

थांबा. वत्सलाकाकीची हाक आली. "अरे, जयराम कौलार चढलोसा! खाली देवय तेका!" आता हा कुठला, ते ती कधी सांगत नाही, आणि दोघांसाठी शिडी वेगळी लागते. मला जायला हवं.